इंग्लिशचे स्वर ओळखायचे कसे: लांबी सोडा, जागा शोधा

दरवर्षी एमएची पोरं फोनॉलॉजीच्या, म्हणजे भाषेतल्या ध्वनिव्यवस्थेच्या, पेपरच्या आठ दिवस आधी फोन करतात आणि रडगाणं एकच असतं, "मॅडम, कॉन्सोनंट्स जमले हो, पण व्हॉवेल्स डोक्यात शिरतच नाहीत, पाठ करून टाकू का?" माझंही उत्तर ठरलेलं. पाठ केलंस तर पेपर निघेल, पण नेट-सेटला तोच प्रश्न जरा फिरवून आला की बसशील डोकं खाजवत. तेच तेच फोनवर किती वेळा सांगणार, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून टाकतेय. वाचताना तोंड मात्र चालू ठेवायचं, नुसतं डोळ्यांनी वाचलंत तर उपयोग शून्य. घरात कुणी असेल तर दार लावून घ्या.

आधी अडचण कुठे आहे ते बघू. 'प' म्हणा, ओठाला ओठ लागला. 'त' म्हणा, जीभ दाताला लागली. व्यंजनात कुठेतरी काहीतरी अडतं किंवा घासतं, त्यामुळे पत्ता सांगता येतो. स्वरात कशालाच काही टेकत नाही, हवा सरळ बाहेर, जीभ आपली तोंडाच्या पोकळीत अधांतरी. मैदानाच्या मधोमध उभा असलेला माणूस कुठे उभाय ते सांगायचं झालं तर काय म्हणणार? जरा झाडाकडे, जरा गेटकडे. स्वरांचं वर्गीकरण म्हणजे एवढंच, जरा वर, जरा पुढे. एकदा हे पटलं की अर्धी भीती जाते.

दुसरं म्हणजे स्पेलिंग विसरा. ए ई आय ओ यू ही पाच अक्षरं आहेत, ते पाच स्वर नाहीत. आपल्या सिलॅबसला जे ब्रिटिश उच्चार असतात त्यात स्वर 20, त्यातले 12 एकेरी आणि 8 जोड, म्हणजे म्हणता म्हणता एका जागेहून दुसरीकडे सरकणारे. 'गुड', 'फूड', 'ब्लड', तिन्हीत डबल ओ आणि तिन्हीचा स्वर वेगळा. हा काही वेडेपणा नाहीये, मागे इतिहास आहे. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्लिशच्या दीर्घ स्वरांनी जागा बदलल्या, त्याला ग्रेट व्हॉवेल शिफ्ट म्हणतात, आणि त्यात जुना 'ओ' वर सरकून 'ऊ' झाला. फूड तिथेच थांबला. ब्लडचा स्वर लवकर आखूड झाला, त्यामुळे पुढे आखूड 'उ' चे दोन तुकडे झाले तेव्हा तो 'अ' कडे गेला, आणि गुड उशिरा आखूड झाला म्हणून 'उ' वरच राहिला. स्पेलिंग बिचारं जुन्या काळातच उभं आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडे हे दोन तुकडे झालेच नाहीत, म्हणून लीड्स-मँचेस्टरकडचा माणूस 'बस' ला जवळजवळ 'बुस' म्हणतो.

आता नावांचा प्रश्न. फोनेटिक चिन्हं मोबाईलवर टाइप करणं म्हणजे वैताग, आणि देवनागरीत लिहावं तर आपली देवनागरीच फसवते (ते पुढे सांगते, आणि मेन मुद्दा तोच आहे). त्यामुळे मी जॉन वेल्सची पद्धत वापरते. या ब्रिटिश फोनेटिशियनने 1982 मध्ये स्वरांना चिन्हाऐवजी शब्दांची नावं दिली. फ्लीस, किट, ड्रेस, ट्रॅप, लॉट, स्ट्रट, फुट, थॉट, गूस, नर्स अशी एकूण 24. 'फ्लीसचा स्वर' म्हटलं की शीप, सीट, मशीन यातला स्वर. 'किटचा' म्हटलं की शिप, सिट, बिल्ड. वर्गात बोलायलाही सोपं, नाहीतर "ते लांब ई नाही गं, ते आखूड वालं" असं चालतं.

तर स्वर हातात आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, जीभ किती वर? हनुवटीखाली हाताचा पंजा आडवा धरा आणि ई, ए, ॲ, आ असं सावकाश म्हणा. हनुवटी प्रत्येक पायरीला हात खाली ढकलते. ई ला जबडा जवळजवळ मिटलेला, तो क्लोज. आ ला सताड उघडा, तो ओपन. मधल्या दोन पायऱ्या हाफ-क्लोज आणि हाफ-ओपन. अमेरिकन पुस्तकात हेच हाय, मिड, लो होतं, घाबरू नका, वस्तू तीच.

दुसरा प्रश्न, जिभेचा कुठला भाग वर येतोय, पुढचा की मागचा? हे आतलं असल्यामुळे दिसत नाही, पण एक जुनी युक्ती आहे जी मी प्रत्येक बॅचला करायला लावते आणि प्रत्येक बॅच आधी हसते. कुजबुजायचं. आवाज न काढता नुसत्या हवेने ई, ए, ॲ, आ, ऑ, ओ, ऊ असं म्हणा, संथपणे. तुम्हाला चक्क पट्टी खाली उतरताना ऐकू येईल, शिट्टी वरून खाली आल्यासारखी, आणि गळा तर वाजतच नाहीये. ती उतरती पट्टी म्हणजे जीभ पुढून मागे जात असल्याची आणि शेवटी ओठ गोल होत असल्याची खूण. ई टोकाचा पुढचा, ऊ टोकाचा मागचा.

तिसरा प्रश्न सोपा, ओठ गोल का पसरट? आरसा घ्या, संपलं. इथे एकच गंमत करून बघा म्हणजे जीभ आणि ओठ ही दोन वेगळी बटणं आहेत हे डोक्यात बसेल. ई म्हणत राहा, जीभ अजिबात हलवू नका, आणि फक्त ओठांचा चंबू करा. जो विचित्र आवाज निघेल तो फ्रेंचमध्ये आहे, जर्मनमध्ये आहे, आपल्याकडे नाही आणि आजच्या स्टँडर्ड इंग्लिशमध्येही नाही. इंग्लिशचे पुढचे सगळे स्वर पसरट, मागचे बहुतेक गोल, अपवाद स्टार्टचा 'आ'.

आणि खरं सांगू का, हे आपल्याला नवीन नाहीये. शाळेत व्याकरणात इ-ई तालव्य, उ-ऊ ओष्ठ्य, अ-आ कंठ्य असं घोकलंय आपण. तालव्य म्हणजे जीभ टाळूकडे, म्हणजे फ्रंट. ओष्ठ्य म्हणजे राउंडेड. मार्कांसाठी घोकलं आणि सोडून दिलं, ते इथे कामाला येतं.

या तीन उत्तरांवरून जो चौकोन काढतात ना पुस्तकात, डावी बाजू तिरकी असलेला, तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डॅनियल जोन्सच्या कार्डिनल व्हॉवेल्सवर उभा आहे. पोरांचा इथे हमखास घोळ होतो, कार्डिनल व्हॉवेल्स म्हणजे इंग्लिशचे स्वर नव्हेत. ती मोजपट्टी आहे. मुख्य आठ खुणा, तोंडाच्या टोकाटोकाला ठोकलेल्या, आणि मग कुठल्याही भाषेचा स्वर त्या खुणांच्या तुलनेत सांगायचा. चौकोनाचा तळ आखूड का, तर जबडा उघडला की जिभेला पुढे-मागे व्हायला जागा कमी उरते. आणि चेहरा डावीकडे बघतोय असं धरायचं, म्हणजे डावीकडे ओठ, उजवीकडे घसा. पेपरात उलटा काढणारे दरवर्षी निघतात.

आता येते मेन गोष्ट, लांबी.

डिक्शनरीत फ्लीस, गूस, स्टार्ट, थॉट, नर्स या पाच स्वरांपुढे विसर्गासारखी खूण असते आणि आपण ती बघून लगेच म्हणतो, अरे वा, हे दीर्घ, बाकीचे ऱ्हस्व, झालं काम. मीसुद्धा तेच म्हणायचे. माझ्या एमएच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं की शीप आणि शिप यात फरक काय, मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, सर एक लांब एक आखूड. ते म्हणाले बरं, मग 'बीट' म्हणा, मारणं या अर्थी. म्हटलं. आता 'बिड' म्हणा, लिलावातली बोली. म्हटलं. "यातला लांब कुठला?" मी तीनदा म्हणून बघितलं आणि गप्प बसले, कारण दोन्ही जवळजवळ सारखेच वाटत होते, आणि एकदा तर आखूड वालाच लांब वाटला.

कारण असं आहे की इंग्लिशमध्ये पुढे ट, प, क, स असं अघोष (गळा न थरथरता म्हटलेलं) व्यंजन आलं की आधीचा स्वर चांगलाच आखडतो, आणि ड, ब, ग, झ असं घोष आलं की सैलावतो. 'बीट' मधला फ्लीस आखडलेला, 'बीड' मधला (मणी या अर्थी, जिल्हा नव्हे) ऐसपैस. त्यामुळे आखडलेला 'दीर्घ' आणि सैलावलेला 'ऱ्हस्व' एकाच लांबीला येऊन बसतात. तरी इंग्लिश माणसाचा बीट आणि बिड मध्ये कधी गोंधळ होत नाही, म्हणजे तो लांबीवर विसंबून नाहीये. तो ऐकतो जागा. फ्लीसला जीभ पार वर आणि पुढे, ताणलेली. किटला थोडी खाली, थोडी मधल्या बाजूला सरकलेली, सैल. गूस आणि फुट यांचंही अगदी तसंच, गूस वर आणि ताणलेला, फुट जरा खाली, जरा आत, ढिला. पुस्तकात याला टेन्स आणि लॅक्स म्हणतात.

मग आपणच लांबीवर का अडकतो? कारण मराठी. आपल्याकडे बोलताना इ-उ ची लांबी शब्दात जागा कुठे त्यावर ठरते. मीठ, पण मिठाचा. दूध, पण दुधाचा. फूल, पण फुलाचा. मीठसारखा अकारान्त शब्द असला की आतला इकार-उकार दीर्घ, पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व, आणि शब्दाच्या शेवटी आला की पुन्हा दीर्घ. शुद्धलेखनाचा नियम तोच, जिभेची सवयही तीच. आता या जिभेला 'शिप' द्या. एकच सिलॅबल (एका झटक्यात म्हटला जाणारा तुकडा), शेवटी व्यंजन, मीठच्या साच्यातला शब्द. जीभ काय करणार? 'शीप' करणार. 'फुल टाइम' चं 'फूल टाइम', 'बिग' चं 'बीग' होतं ते यामुळेच. आणि हे सुधारायला पोरं काय करतात, तर शीप आणखी लांबवतात, शीऽऽप, मेंढी बें बें करेपर्यंत. उपयोग नाही. जीभ त्याच जागी असेल तर कितीही ताणा, ऐकणाऱ्याला तो शीपच ऐकू येणार, जरा नाटकी शीप.

उपाय असा: ई म्हणा आणि जीभ 'ए' कडे जायला लागली की अर्ध्या वाटेत थांबवा. ए पर्यंत पोचू द्यायची नाही. तिथे किट आहे. मग तो मुद्दाम लांबवून म्हणा, शि-इ-इ-इप. लांब झाला तरी शिपच राहिला पाहिजे. राहिला की जमलं. फुट साठी ऊ वरून ओ कडे निघा आणि तसंच मध्येच थांबा.

जागेवरून ओळखायला अवघड जात असेल तर एक परीक्षा आहे, फार कामाची, आणि ती फोनेटिक्सची नाही, खरी फोनॉलॉजीची आहे. स्वरावर शब्द संपवून बघायचा. जोर असलेला एकाच सिलॅबलचा शब्द, मागे व्यंजन नाही. फ्लीसवर संपतो: 'सी'. गूसवर: 'टू'. थॉटवर: 'लॉ'. स्टार्टवर: 'फार', ब्रिटिश उच्चारात शेवटी र ऐकू येत नाही. नर्सवर: 'हर'. आता किटवर संपवा. ड्रेसवर, ट्रॅपवर, लॉटवर, स्ट्रटवर, फुटवर संपवा. नाही मिळणार, 'मेह' वगैरे चॅटमधले उद्गार सोडून द्या. या सहांना चेक्ड म्हणतात, म्हणजे दार बंद करायला मागे व्यंजन लागतंच, आणि बाकीचे फ्री. लांबीची सगळी भानगड या एका परीक्षेत सुटते आणि मोजपट्टीही लागत नाही.

आता देवनागरीच्या फसवणुकीकडे येऊ. माझी भाची सातवीत आहे, सेमी इंग्लिश. तिने वहीत लिहिलं होतं 'टेस्ट' आणि मी विचारलं, कुठली टेस्ट, चव की परीक्षा? ती म्हणाली दोन्ही एकच लिहितात ना मावशी. बरोबरच आहे पोरीचं. लेखणी पण पेन, दुखणं पण पेन. मिळवणं गेट, फाटक गेट. ओलं वेट, थांबणं वेट. देवनागरीत आपल्याला एकच ए. कन्नड-तेलुगूमध्ये ऱ्हस्व ए साठी वेगळं अक्षर आहे, त्यामुळे त्यांना निदान लिहिताना तरी हे दोन वेगळे दिसतात, आपल्याला दिसतच नाहीत.

तर ड्रेस (परीक्षेतल्या टेस्टचा स्वर) कुठे आणि फेस (चवीतल्या टेस्टचा) कुठे? आपला ए साधारण हाफ-क्लोजच्या जवळ. ड्रेस त्याच्या खाली, हाफ-क्लोज आणि हाफ-ओपनच्या मध्ये. ट्रॅप आणखी खाली, हाफ-ओपन आणि ओपनच्या मध्ये. हात परत हनुवटीखाली, ए म्हणा, बोटभर खाली उतरा, ड्रेस. अजून बोटभर, ट्रॅप. ट्रॅपला आपल्याकडे चंद्र आहे म्हणून तो तरी वेगळा लिहिता येतो, जुन्या लिखाणात तर 'ब्यांक' नि 'ग्यास' असायचं. आणि फेस? तो एकेरी नाहीच. तो ड्रेसच्या आसपास निघतो आणि किटच्या दिशेने सरकतो. परीक्षेतला टेस्ट म्हणताना तोंड एका जागी थांबतं, चवीतला टेस्ट म्हणताना हनुवटी हळूच वर येते. भाचीला आरशासमोर दहा वेळा म्हणायला लावलं. सहाव्या वेळी तिची तिलाच हनुवटी दिसली आणि मग दिवसभर घरात तेच चाललं होतं, आमटीची टेस्ट, गणिताची टेस्ट.

तीच गत 'कॉट' ची. खाट पण कॉट, आणि क्रिकेटमध्ये झेलबाद पण कॉट. 'कॉट बिहाइंड' म्हणजे आपल्या लिपीत खाटेमागेसुद्धा होऊ शकतं. ब्रिटिशात खाट म्हणजे लॉटचा स्वर, पार खाली, मागे, ओठ जरासेच गोल. झेल म्हणजे थॉटचा, बराच वर, ओठ चांगले गोल, आणि तो फ्री. पण इथे फार जीव काढू नका, कॅनडात आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडे बहुतेक लोक हे दोन एकच म्हणतात. वेल्सला 12 अधिक 8 ऐवजी 24 नावं का लागली ते इथे कळतं. एखादा गट इंग्लंडच्या दक्षिणेत एकीकडे जातो आणि अमेरिकेत दुसरीकडे. 'बाथ' चं घ्या, दक्षिण इंग्लंडमध्ये तो स्टार्टबरोबर, अमेरिकेत आणि उत्तर इंग्लंडमध्ये ट्रॅपबरोबर.

मग उरलं अ चं त्रिकूट: स्ट्रट, नर्स आणि श्वा. आपल्याला तिन्ही 'अ'. 'कट', 'बर्ड', आणि 'अबाउट' मधला पहिला अ. तिन्ही मधले, म्हणजे सेंट्रल, ओठ पसरट किंवा निवांत. स्ट्रट जरा खाली आणि चेक्ड. नर्स जरा वर, फ्री, आणि अमेरिकन माणूस म्हणत असेल तर जीभ वळवून त्यात र मुरलेला. श्वा मात्र वेगळ्याच जातीचा आहे, त्याच्यावर जोर कधी येतच नाही. आणि इंग्लिश बोलण्यात सगळ्यात जास्त येणारा स्वर तोच. श्वा हा शब्द हिब्रू व्याकरणातून आलाय.

श्वासाठी गंमत म्हणजे देवनागरी एकदम मदतीला येते. 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफी', 'फोटोग्राफिक' हे आपण सगळे एकाच चालीत म्हणतो, कारण मराठीत प्रत्येक स्वराला त्याचा पूर्ण मान मिळतो. इंग्लिशमध्ये जोर सरकतो आणि जिथून जोर गेला तिथला स्वर विझतो: फोटग्राफ, फटॉग्रफी, फोटग्रॅफिक. बघा, जिथे जिथे आपण नुसतं अक्षर ठेवलं, काना-मात्रा काढून टाकली, तिथे तिथे श्वा आहे. 'बनाना' मध्ये पहिला आणि शेवटचा श्वा, मधला तेवढा खरा आ. 'सोफा', 'कॅमेरा', 'अमेरिका', यांच्या शेवटी आपण आ ठोकतो, तिथेही श्वाच. म्हणजे श्वा शोधायचा असेल तर आधी शब्दात जोर कुठे ते शोधा, मग बाकीच्या सिलॅबलवर संशय घ्या.

जोड स्वरांना एवढा वेळ द्यायची गरज नाही. आठ आहेत, तीन वर्ग. फेस, प्राइस, चॉइस हे इ कडे सरकतात. गोट, माउथ हे उ कडे. निअर, स्क्वेअर, क्युअर हे मध्याकडे, म्हणजे श्वाकडे. प्राइस आणि माउथ आपल्याला आयतेच येतात. मराठी व्याकरणात ए, ऐ, ओ, औ चारही संयुक्त स्वर म्हणून शिकवतात, पण उच्चारात ए आणि ओ आता एकेरीच आहेत, खरे जोड ऐ आणि औ. म्हणूनच फेस आणि गोट आपण सपाट म्हणतो. ते चूक आहे का? नाही. स्कॉटलंडमध्ये, वेल्समध्ये अनेक लोक तसंच म्हणतात. पेपरात मात्र जोड लिहायचे. आणि शेवटचे तीन तर खुद्द इंग्लंडमध्येच मोडकळीला आलेत, स्क्वेअर बऱ्याच जणांच्या तोंडी सरळ एकेरी लांब स्वर झालाय, 'शुअर' चं 'शॉ' झालंय. तेव्हा 20 हा आकडा परीक्षेचा आहे हे लक्षात असू द्या.

एखादा स्वर एकेरी की जोड यावर वाद झाला तर रेकॉर्ड करून उलटा वाजवा. ऑडासिटीत रिव्हर्स आहे. एकेरी स्वर उलटा केला तरी तसाच राहतो. 'माय' उलटा केला की 'याम' सारखं काहीतरी ऐकू येतं. पोरं यावर अर्धा तास घालवतात, घालवू द्या.

एवढं झालं की फोनॉलॉजीचा खरा प्रश्न येतो: दोन आवाज वेगळे ऐकू आले म्हणजे दोन स्वर झाले का? नाही. अदलाबदल करून अर्थ बदलतो का ते बघायचं, बाकी सगळं तसंच ठेवून. शिप-शीप, फुल-फूल, बेड-बॅड, कट-कार्ट. अर्थ बदलला, म्हणजे ते वेगळे फोनीम, भाषेच्या लेखी दोन वेगळे स्वर. पण 'मॅन' मधला ट्रॅप नाकातून येतो आणि 'मॅप' मधला येत नाही, त्याने अर्थ बदलत नाही, शेजारी 'न' हे व्यंजन आलं की आपोआप होतं. ते एकाच स्वराचे दोन अवतार, ॲलोफोन. आखडलेला बीट आणि सैल बीड यातला फ्लीसही तसाच एकच. आपल्या मीठ-मिठाचा मध्येही इ एकच, लांबी आपोआप. एकदा आपल्या भाषेत हे दिसलं की इंग्लिशमध्ये दिसायला वेळ लागत नाही.

कान मानत नसेल तर मोजून बघा. प्राट नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट, ॲमस्टरडॅम युनिव्हर्सिटीच्या पॉल बोर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांचं, डचमध्ये प्राट म्हणजे बोल. न्यू मेनूतून रेकॉर्ड मोनो साउंड, हीड, हिड, हेड, हॅड असं मध्ये थांबत थांबत म्हणा, सेव्ह करा, व्ह्यू अँड एडिट उघडा, फॉर्मंट्स (स्वरात तोंडाच्या पोकळीत जास्त घुमणाऱ्या पट्ट्या) दाखवा. लाल ठिपक्यांच्या आडव्या रांगा दिसतील. स्वराच्या मधोमध क्लिक करून खालची पहिली रांग वाचा, तो एफ वन, तिच्या वरची एफ टू. सेटिंगमध्ये कमाल फॉर्मंट पुरुषाला 5000, बाईला 5500 ठेवा, नाहीतर आकडे भलतेच येतात आणि मग मला फोन येतो. वाचायचं असं: एफ वन जितका जास्त तितकं तोंड उघडं, एफ टू जितका जास्त तितकी जीभ पुढे. कुजबुजताना जी पट्टी उतरत होती ना, ती हीच एफ टू.

पडताळायला 1952 चे आकडे घ्या. बेल लॅबमधल्या पीटरसन आणि बार्नी यांनी 76 जणांचे स्वर मोजले होते, अमेरिकन उच्चार. पुरुषांची सरासरी हीडला 270 आणि 2290 हर्ट्झ, हिडला 390 आणि 1990, हेडला 530 आणि 1840, हॅडला 660 आणि 1720. बघा कसे उतरतात, पहिला आकडा चढतोय म्हणजे जबडा उघडतोय, दुसरा उतरतोय म्हणजे जीभ मागे येतेय. आणि हीड ते हिड मध्ये केवढी उडी आहे, लांबीचा उल्लेखही न करता. तुमचे आकडे असेच येणार नाहीत, बायकांचे तर सगळेच वर असतात, घसा-तोंड लहान म्हणून. आकडा जुळवायचा नाही, एकमेकांतलं अंतर बघायचं. माझ्या स्वतःच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये हीड आणि हिड एकावर एक बसले होते. एमए पास झालेले होते मी तेव्हा.

पेपरात वर्णन लिहिताना क्रम ठरवून टाका म्हणजे काही राहत नाही: पुढचा-मधला-मागचा, मग उंची, मग ओठ, मग टेन्स-लॅक्स. ट्रॅपचं द्यायचं तर, फ्रंट, हाफ-ओपन आणि ओपनच्या मध्ये, अनराउंडेड, लॅक्स. थॉटचं, बॅक, हाफ-ओपन आणि हाफ-क्लोजच्या मध्ये, राउंडेड, टेन्स. श्वाचं लिहिताना 'जोराशिवायच येतो' हे वाक्य घातल्याशिवाय पुढे जाऊ नका, मार्क तिथेच असतो. आणि उदाहरण देताना शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन मागितली आणि स्वर किट-ड्रेसपैकी असला तर शेवटचं उदाहरण शोधत बसू नका. चेक्ड आहे, शेवटी येत नाही, असंच लिहा. 'सिटी' चा शेवट लिहायचा मोह होतो, पण तिथे जोर नाही आणि हल्लीच्या उच्चारात तो फ्लीसच्याच जवळ गेलाय.

रोजचा सराव म्हणाल तर दहा मिनिटं पुरे, पण एका वेळी एकच जोडी. शिप-शीप जमेपर्यंत फुल-फूलला हात लावायचा नाही. फोनवर दहा शब्द उलटसुलट रेकॉर्ड करा, कुठला शब्द कधी म्हटला ते कागदावर लिहून ठेवा, दोन दिवसांनी कागद न बघता ऐका आणि परत लिहा. दहातले आठ जुळले की पुढची जोडी. भाची टेस्टच्या जोडीवर नऊला पोचलीय, कॉटवर अजून पाचच्या पुढे जात नाहीये, आणि खरं सांगायचं तर मीही सातवरच आहे.